मोजणाऱ्याचा धनी कोण ?

एखाद्या धंद्यांत कामगारांच्या प्रकृतीस अपाय होतो अशी ओरड झाली, कीं सरकार चौकशी नेमतें, चौकशीस पैसा मंजूर होतो, आणि तें वर्तमान वाचून सुशिक्षित वाचकाचें समाधान होतें. सरकारनें खर्च पत्करला, विद्वान लोक कामास लागले, आतां सत्य असेल तें बाहेर पडेलच, असें तो धरून चालतो. हें समाधान भाबडें तर आहेच, पण घातकहि आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. पैसा किती मंजूर झाला हा प्रश्न दुय्यम होय. तो कोणाच्या हातून येतो, तो बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे, आणि मोजणीचें दप्तर कोणाच्या कुलुपांत आहे, हे तीन प्रश्न आधीं विचारले पाहिजेत. किरणोत्सर्गाच्या सान्निध्यांत राबणाऱ्या कामगारांचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या प्रश्नांचीं उत्तरें देतो. तीं उत्तरें सुखावह नाहींत, म्हणूनच तीं सांगणें अवश्य आहे.

प्रथम एका खासगी कंपनीचें उदाहरण घेऊं. रेडियमच्या रंगानें घड्याळांच्या तबकड्यांवर आंकडे काढणाऱ्या अमेरिकन मुलींची कथा पुष्कळांस ठाऊक असेल. कुंचल्यास टोंक आणण्यासाठीं त्या तो ओठांत धरीत, आणि पोटांत गेलेलें रेडियम हाडांत ठाण मांडून बसे. न्यू जर्सी राज्यांतील ऑरेंज येथल्या कारखान्यांत मुलींच्या जबड्यांचीं हाडें कुजूं लागलीं, तेव्हां १९२४ सालीं कंपनीनें हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. सेसिल ड्रिंकर यांस चौकशीसाठीं बोलाविलें. ड्रिंकर यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें आणि दोष रेडियमचा आहे असें लिहून दिलें. कंपनीनें तो अहवाल दाबला, व मुलींची प्रकृति उत्तम असल्याचें दाखविणारा फिरवाफिरवीचा गोषवारा राज्याच्या मजूर खात्याकडे धाडला. ही लबाडी उघडकीस आल्यावर १९२५ सालीं ड्रिंकर यांनीं कंपनीच्या विरोधास न जुमानतां मूळ अहवाल छापला. येथें शास्त्रज्ञ प्रामाणिक होता, त्याची पद्धति चोख होती, आणि निष्कर्षहि खरा होता. तरी तो निष्कर्ष मुलींपर्यंत वेळेवर पोंचला नाहीं. कारण अहवालाचा धनी शास्त्रज्ञ नव्हता, पैसे देणारा होता.

कोणी म्हणेल, कंपनी नफ्यासाठीं जगते, सरकार प्रजेसाठीं. दोघांस एका मापानें मोजूं नये. तर मग सरकारचीच गोष्ट घेऊं. युरोपांतील श्नेबर्गच्या खाणकामगारांस जडणारा छातीचा जीवघेणा विकार हा फुप्फुसाचा कर्करोग आहे, असें १८७९ सालींच प्रसिद्ध झालें होतें. असें असतांहि अमेरिकेच्या कोलोरॅडो पठारावरील युरेनियमच्या खाणींत हजारों माणसें पुरेशा वायुवीजनावांचून उतरविण्यांत आलीं. १९५० च्या सुमारास तेथील सार्वजनिक आरोग्य सेवेनें त्यांची तपासणी सुरू केली. खाणींत शिरण्यास मालकांची परवानगी लागे, आणि ती मिळाली ती धोक्याविषयीं कामगारांस कांहीं न सांगण्याच्या अटीवर. निघालेलें सारें युरेनियम विकत घेणारें गिऱ्हाईक एकच, तें म्हणजे सरकारचा अणुशक्ति आयोग. डॉक्टर वर्षानुवर्षें हवेचे नमुने घेत होते, रक्त तपासत होते, पुढें मृत्यूहि मोजीत होते. आणि ज्यांचे मृत्यु मोजावयाचे होते त्यांना मात्र पत्ता नव्हता. त्यांत नाव्हाहो जमातीचे लोक पुष्कळ होते, आणि त्यांच्या भाषेंत तर किरणोत्सर्गास शब्दहि नव्हता. खाणींतील हवेसाठीं देशभर लागू होणारी मर्यादा मजूरमंत्र्यांनीं घातली ती १९६७ सालीं. १९९० सालीं काँग्रेसनें कायदा करून राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली व पीडित खाणकामगारांस प्रत्येकीं १,००,००० डॉलर देऊं केले. क्षमेचे शब्द ऐकण्यास त्यांतले किती उरले होते, हें वाचकांनींच मनाशीं समजावें.

पण आमच्या मुद्द्याचें खरें मर्म प्रकट होतें तें हॅनफर्डच्या प्रकरणांत. कारण तेथें चौकशीस पैसा होता, शास्त्रज्ञ होते, दप्तरहि उत्तम होतें. वॉशिंग्टन राज्यांत कोलंबिया नदीच्या कांठीं १९४३ सालीं हा कारखाना उभारण्यास प्रारंभ झाला. नागासाकीवर पडलेल्या बाँबचें प्लुटोनियम येथलेंच. कामगारांच्या छातीवर फिल्मचा बिल्ला असे, आणि ती फिल्म धुऊन कोणास किती किरण लागले याची नोंद वहींत होई. १९६४ सालीं अणुशक्ति आयोगानें पिट्सबर्ग विद्यापीठाचे डॉ. टॉमस मॅन्क्यूसो यांस या नोंदी मृत्यूंच्या नोंदींशीं ताडून पाहण्याचें काम दिलें. सामाजिक विम्याच्या दप्तरावरून विखुरलेल्या कामगारांचा माग काढण्यांत त्यांचा हातखंडा होता. दहा वर्षें काम शांतपणें चाललें. निर्णायक असें कांहीं निघालें नाहीं, आणि निघालें नाहीं तोंवर कोणाची तक्रारहि नव्हती.

१९७४ सालीं वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य खात्यांतील डॉ. सॅम्युएल मिल्हॅम हे मृत्यूच्या दाखल्यांची छाननी करीत असतां, हॅनफर्डच्या कामगारांत कर्करोगाचें प्रमाण अधिक असल्याचें त्यांस आढळलें. आयोगाच्या अधिकाऱ्यांनीं मॅन्क्यूसो यांस सुचविलें कीं, आमच्या अभ्यासांत तसें कांहीं दिसत नाहीं, असें पत्रक आपण काढावें. त्यांनीं साफ नकार दिला. कर्करोग प्रकट होण्यास वीस वीस, तीस तीस वर्षें लागतात. अपुऱ्या आंकड्यांवरून धोका नाहीं असें जाहीर करणें शास्त्रास धरून होणार नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढच्याच वर्षीं त्यांस कळविण्यांत आलें कीं, १९७७ च्या जुलैअखेर आपला करार संपेल. मध्यंतरीं आयोग मोडला, त्याच्या जागीं दुसरी संस्था आली, आणि तिच्यानंतर ऊर्जा खातें आलें. पाट्या बदलल्या, वृत्ति बदलली नाहीं. मॅन्क्यूसो लवकरच निवृत्त होणार, असें एक कारण पुढें करण्यांत आलें. त्यांच्या विद्यापीठांत निवृत्तीचें वय ७० होतें, आणि त्यांनीं तर अजून पासष्टीहि गांठली नव्हती !

हातीं उरलेल्या थोड्या काळांत मॅन्क्यूसो यांनीं १९७६ सालीं इंग्लंडांतील डॉ. ॲलिस स्ट्युअर्ट व संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज नील यांस बोलावून घेतलें. तिघांनीं मिळून १९७७ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध केला : कायद्यानें निर्धोक मानलेल्या मर्यादेहून पुष्कळ कमी मात्रेंतहि कांहीं कर्करोगांचें प्रमाण मात्रेबरोबर वाढतांना दिसतें. तोंवर काम त्यांच्या हातून काढून घेण्यांत आलें होतें, आणि तें ओक रिज व हॅनफर्ड येथील ज्या संस्थांकडे सोंपविण्यांत आलें, त्या स्वतःच ऊर्जा खात्याच्या कंत्राटदार होत्या. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपल्या आजीबाईंनीं अणुभट्टी न पाहतांच केली होती. १९७८ सालीं काँग्रेसच्या एका उपसमितीनें या प्रकरणाची जाहीर सुनावणी केली, म्हणूनच तें जगास कळलें.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. कारण तें अगदींच पोकळ नाहीं. ते म्हणतात, मॅन्क्यूसो-स्ट्युअर्ट यांची संख्याशास्त्रीय पद्धति सदोष होती. टीका झाली हें खरें, आणि ती सगळीच द्वेषमूलक नव्हती. त्यांनीं काढलेला धोक्याचा अंदाज पुढच्या मोठ्या अभ्यासांत तेवढा भरला नाहीं, हेंहि खरें. पण यावरून सिद्ध काय होतें ? शास्त्रांत चूक दाखविण्याचा मार्ग एकच : तेच आंकडे दुसऱ्या जाणत्याच्या पुढें ठेवावेत व त्यास पुन्हां मोजूं द्यावें. येथें तर आंकडेच कुलुपांत गेले. बाहेरच्या शास्त्रज्ञांस हें दप्तर पाहावयास मिळण्यासाठीं १९९० साल उजाडावें लागलें. शिवाय खात्याच्या आश्रयानें काम करणाऱ्या संशोधकांनाहि १९७९ च्या सुमारास अस्थिमज्जेच्या एका कर्करोगाचा मात्रेशीं संबंध दिसला, आणि त्यांनीं तो छापला. म्हणजे आंतले लोक अप्रामाणिक होते असा आमचा आरोप नाहीं. आमचा आक्षेप व्यक्तींवर नाहीं, रचनेवर आहे. वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच घरचे असले, कीं निकाल खरा असला तरी लोक त्यावर विश्वास ठेवीत नाहींत. आणि खोटा असला तर तो खोडून काढण्यास कोणी उरत नाहीं.

दुसरें म्हणणें असें कीं, धोका इतका अल्प आहे कीं त्याच्या मागें पैसा घालविण्यापेक्षां तो दुसऱ्या लोकोपयोगी कामीं लावावा. हें ऐकावयास शहाणपणाचें वाटतें, पण यांत एक मेख आहे. धोका अल्प आहे हें तरी आपणांस कसें कळलें ? कामगारांच्या मर्यादा मुख्यतः हिरोशिमा व नागासाकी येथें वांचलेल्यांच्या अभ्यासावरून ठरविल्या गेल्या. त्यांस मात्रा लागली ती एका क्षणांत. कामगारास ती लागते थेंबाथेंबानें, तीस वर्षें. थेंबाचा परिणाम लोंढ्यावरून अनुमानानें काढावा लागतो, आणि तें अनुमान बरोबर कीं चूक हें कामगारांच्याच नोंदी सांगूं शकतात. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका या तीन देशांतील ३,०९,९३२ कामगारांचा एकत्र अभ्यास २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. रक्ताचा कर्करोग वगळून इतर कर्करोगांनीं येणाऱ्या मृत्यूंचें प्रमाण दर ग्रे मात्रेमागें शेंकडा ५२ नें वाढतें, असें त्यांत आढळलें. आणि १०० मिलिग्रेपर्यंतच्याच मात्रा पाहिल्या तर, अनिश्चितता अधिक असली तरी, दर ग्रेमागील वाढ त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाली. ग्रे हें माप मोठें आहे; सामान्य कामगारास जन्मभरांत त्याचा लहानसा अंशच लागतो. पहिल्या अंदाजानें, एकदशांश ग्रे लागलेल्या कामगारांत जेथें या कर्करोगांनीं शंभर मृत्यु व्हावयाचे तेथें सुमारें एकशें पांच होतील.

हा पांचांचा फरक दिसण्यास तीन देश, तीन लाखांवर माणसें, आणि १९४४ पासूनचे सत्तर-बहात्तर वर्षांचे कागद लागले. एखाद्या कारखान्यांतील कामगारांकडे पांच-दहा वर्षें पाहून कांहीं आढळलें नाहीं म्हणणें, म्हणजे डोळे मिटून घर रिकामें आहे असें सांगणें होय. म्हणूनच या कामीं वर्षावर्षाच्या मंजुरीचा पैसा विषासारखा आहे. अभ्यासाचें आयुष्य दोन पिढ्यांचें. मंत्र्याचें पांच वर्षांचें. अंदाजपत्रकाचें एका वर्षाचें. ज्या वर्षीं निष्कर्ष अप्रिय होईल त्या वर्षीं अभ्यास चुकीचा आहे असें म्हणण्याचीहि गरज पडत नाहीं. पैसा शिल्लक नाहीं, एवढें म्हटलें कीं भागतें.

तिसरें म्हणणें घबराटीचें. लोकांस सगळें सांगितलें तर ते भितील, कामावर यावयाचे नाहींत, विजेवांचून देश अडेल, असें सांगण्यांत येतें. झाकली मूठ सव्वा लाखाची, हें लग्नाच्या वाटाघाटींत ठीक आहे. मजुराच्या अस्थिमज्जेच्या बाबतींत तें चालणार नाहीं. ज्या मनुष्यास विमानाचा, मोटारीचा, तंबाखूचा धोका आंकड्यांत सांगतां येतो, त्यास त्याच्या स्वतःच्या छातीवरील बिल्ल्याचा आंकडा सांगितल्यानें वेड लागेल, हें म्हणणें त्याचा अपमान करणारें आहे. घबराट होते ती सत्यानें नव्हे; लपविलेलें सत्य पुढें दुसऱ्याच्या तोंडून कळल्यानें होते.

कोणी म्हणेल, मॅन्क्यूसोंसारखे बाणेदार लोक आहेत तोंवर चिंता काय ? आम्हां मराठी लोकांस असा प्रश्न सहज सुचतो, कारण रामशास्त्री प्रभुण्यांची कथा आम्हीं लहानपणींच ऐकलेली असते. राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगून शास्त्रीबोवांनीं पुणें सोडलें, याचा आम्हांस अभिमान आहे व तो योग्यच आहे. पण त्या कथेचा उत्तरार्ध आम्ही विसरतों. प्रायश्चित्त सांगितलें गेलें, घेतलें गेलें नाहीं. न्यायाधीश गेला, दरबार राहिला. रामशास्त्री शतकांत एखादाच निपजतो, आणि त्याच्या भरंवशावर राज्याची न्यायव्यवस्था उभारतां येत नाहीं. सामान्य धैर्याच्या मनुष्यासहि खरें बोलतां यावें, अशी व्यवस्था असणें हेंच सुधारलेल्या राज्याचें लक्षण.

अशी व्यवस्था शक्य आहे काय ? ज्या स्ट्युअर्टबाईंचा उल्लेख वर आला, त्यांच्याच चरित्रांत तिचा एक लहानसा दाखला आहे, आणि तो मुंबईच्या वाचकांस जवळचा वाटावा. गर्भवतीच्या पोटावर क्ष-किरणांचा प्रयोग केल्यास पुढें त्या मुलास कर्करोग होण्याचा संभव सुमारें दुपटीनें वाढतो, हें त्यांनीं १९५६ ते १९५८ च्या दरम्यान प्रथम दाखविलें. त्या संशोधनाच्या आरंभीं त्यांच्या हातीं होते ते लेडी टाटा स्मारक निधीचे अवघे १,००० पौंड. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्या रोगाच्या संशोधनासाठीं सर दोराबजींनीं ठेवलेला हा पैसा. या निधीस उत्तर अमुकच यावें अशी इच्छा नव्हती. त्याला कारखाना चालवावयाचा नव्हता, बाँब करावयाचा नव्हता. वैद्यवर्गानें तो निष्कर्ष मान्य करण्यास वीसेक वर्षें घेतलीं, पण तो जन्मास तरी आला. मोठ्या अभ्यासास हजार पौंड पुरणार नाहींत, तेथें सरकारी खजिनाच हवा, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खजिना सरकारचा असला तरी थैलीची दोरी उत्तराशीं हितसंबंध नसलेल्या हातांत असावी.

अमेरिकेनें १९९० सालीं अर्धें पाऊल टाकलें. ऊर्जामंत्री जेम्स वॉटकिन्स यांनीं हे अभ्यास आपल्या खात्याकडून आरोग्य खात्याकडे सोंपविण्याचा करार केला. पैसा मात्र ऊर्जा खात्याकडूनच यावयाचा. पुढें २००० सालीं कायदा होऊन आजारी अण्वस्त्र-कामगारांस १,५०,००० डॉलर भरपाईची तरतूद झाली, हें त्या अर्ध्या पावलाच्या दिशेनेंच पडलेलें दुसरें पाऊल. पण अर्धें पाऊल किती डळमळीत असतें तें २०२५ च्या एप्रिलमध्यें दिसलें. कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या तेथील राष्ट्रीय संस्थेंतील बहुसंख्य लोकांस एका हुकुमासरशीं कामावरून कमी करण्याच्या नोटिसा निघाल्या. त्या पुष्कळशा पुढें मागें घेतल्या गेल्या; तरी दोन पिढ्यांचें काम एका सहीवर टांगलेलें असतें, हें त्यांनीं सिद्ध केलें.

हें सर्व दूरदेशींचें, आपणांस काय त्याचें, असें मात्र कोणी म्हणूं नये. ज्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें १९४६ पासून जवळजवळ वीस वर्षें हॅनफर्डचा कारभार पाहिला, तिनेंच तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या बांधल्या, आणि १९६९ पासून तेथें आपलींच माणसें बिल्ले लावून काम करीत आलीं आहेत. कामगारांच्या मात्रांची राष्ट्रीय नोंदवही ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राकडे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय, ज्याच्या सेवेपुढें कोणीहि नतमस्तक व्हावें, तें १९६२ पासून अणुऊर्जा विभागाच्याच प्रशासनाखालीं. १९८३ सालीं स्थापन झालेल्या नियामक मंडळास स्वतंत्र कायद्याचा आधार नाहीं, असा ठपका नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २०१२ सालीं ठेवला होता. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें केलेल्या नव्या कायद्यानें त्या मंडळास वैधानिक स्थान दिलें, हें चांगलें झालें. पण त्याच कायद्यानें खासगी कंपन्यांसहि या धंद्याचीं दारें उघडलीं. मात्रा देणारा, मात्रा लिहिणारा आणि रोग्यास तपासणारा हे एकाच वाड्यांत नांदत असतां आतां त्या वाड्यांत नफ्याचाहि प्रवेश होत आहे. ऑरेंजचा कारखाना आणि हॅनफर्डचें खातें, दोहोंचे धडे एकदमच आठवण्याची ही वेळ आहे.

आमची मागणी अवाजवी नाहीं. अणुवीज विकणाऱ्यांकडून दर युनिटामागें ठराविक कर घ्यावा, आणि तो कायद्यानें स्थापिलेल्या निधींत तीस वर्षांसाठीं बांधून टाकावा, म्हणजे कोणत्याहि मंत्र्यास तो एका वर्षांत आटवितां येणार नाहीं. निधीचें वांटप विद्यापीठें व वैद्यकीय महाविद्यालयें यांच्या मंडळानें करावें. अणुखात्याचा मनुष्य त्यांत माहिती देण्यास बसावा, मत देण्यास नव्हे. मात्रांची नोंदवही आरोग्य खात्याकडे असावी, आणि नांवें वगळून ती कोणाहि लायक संशोधकास, विशेषतः विरोधी मताच्या संशोधकास, खुली असावी. कायम नोकरांइतकीच कंत्राटदाराच्या मजुरांची नोंद ठेवावी. काम संपल्यावर जो गांवीं निघून जातो, त्याचा मृत्यु कोणत्याच दप्तरांत येत नाहीं. आणि प्रत्येक कामगारास त्याचा आंकडा दरसाल त्याच्या भाषेंत लेखी मिळावा. तो आंकडा त्याच्या देहाचा आहे. तो त्याच्यापासून लपविण्याचा अधिकार कोणत्याहि खात्यास नाहीं, मग तें देशरक्षणाचें नांव घेवो कीं देशाच्या प्रगतीचें.